प्रवेश, पात्रता आणि परतीची वाट

महाराष्ट्रात पदवीच्या वर्गात प्रवेश घेणारा विद्यार्थी एकाच वेळी महाविद्यालय आणि विद्यापीठ अशा दोन संस्थांकडे आपली नोंद करत असतो. ही बाब त्याला क्वचितच कोणी समजावून सांगते आणि पुढच्या अनेक अडचणींचे मूळ तिथेच असते. 1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारली गेली. त्यांनी स्वतः शिकवायचे नव्हते; शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या संलग्न महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून, परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी कामाची वाटणी होती. पुढे विद्यापीठांनी स्वतःचे शिक्षण विभाग सुरू केले, राज्यात नागपूर, पुणे, कोल्हापूर अशी नवी विद्यापीठे निघाली, तरी पदवीच्या पातळीवर ही वाटणी आजही बव्हंशी कायम आहे. म्हणूनच महाविद्यालयाने यादीत नाव लावून शुल्क भरून घेतले, तरी विद्यापीठाच्या दृष्टीने तो प्रवेश तात्पुरता असतो.

तो कायम होतो ‘पात्रता’ मंजूर झाल्यावर. विद्यार्थ्याने उत्तीर्ण केलेली आधीची परीक्षा आणि ती घेणारे मंडळ त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी ग्राह्य आहे, असा विद्यापीठाने कागदपत्रे तपासून दिलेला निर्वाळा म्हणजे पात्रता. राज्य मंडळाची बारावी झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे काम महाविद्यालयाच्या कार्यालयातूनच उरकते आणि ते झाल्याचे त्याला कळतही नाही. दुसऱ्या राज्याच्या मंडळातून किंवा अन्य विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजेच कार्यालयीन बोलीतले ‘मायग्रेशन’, द्यावे लागते. आधीच्या संस्थेने त्याला आपल्या पटावरून मुक्त केले असून तो अन्यत्र नोंदणी करण्यास मोकळा आहे, एवढेच त्या कागदाचे म्हणणे असते. महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पहिला महाविद्यालय देते आणि दुसरे विद्यापीठ किंवा मंडळ. या दोहोंची गल्लत झाल्याने अनेकांची पात्रता अडकून राहते आणि ती अडकल्याचे परीक्षेच्या तोंडावर उघड होते. पात्रतेच्या या प्रक्रियेशीच जोडलेला ‘पीआरएन’, अर्थात कायम नोंदणी क्रमांक, हा महाविद्यालय बदलले तरी त्या विद्यापीठात विद्यार्थ्याची ओळख म्हणून टिकतो आणि गुणपत्रिकेवरही छापला जातो.

नोंदणीचा दुसरा भाग विषयनिवडीचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेली पदवीची नवी रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली आणि तिच्यामुळे प्रवेश अर्जावरील रकान्यांची संख्या एकदम वाढली. या रचनेचे एकक ‘श्रेयांक’ हे आहे: सत्रभरात 15 तासांचे वर्गअध्यापन किंवा 30 तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे साधारण एक श्रेयांक, आणि एका सत्रात असे 20 ते 22 श्रेयांक मिळवायचे असतात. त्यांची विभागणी मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम अशा गटांत केलेली आहे. यांपैकी खुला वैकल्पिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने इतिहास किंवा पर्यावरण शिकावे आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अर्थव्यवहार समजून घ्यावा, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. व्यवहारात मात्र निवडीचे क्षेत्र महाविद्यालयाकडे कोणते शिक्षक आहेत यावर ठरते. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात खुल्या वैकल्पिकांची यादी लांबलचक असते, तर तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन नावांपुढे ती जात नाही, आणि एखाद्या विषयाला पुरेसे विद्यार्थी मिळाले नाहीत तर तो वर्ग उघडतच नाही. माहितीपुस्तिकेतला विषय यंदा प्रत्यक्ष शिकवला जाणार आहे का, ही चौकशी म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी करावी. दुय्यम विषयाची निवड तर अधिक विचाराने करावी लागते, कारण तो एका सत्रापुरता नसतो; पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी शाखा बदलायची झाली तर त्या विषयाचे श्रेयांक उपयोगी पडू शकतात. प्रवेशाच्या गर्दीत हा रकाना रिकाम्या जागा पाहून कोणीतरी भरून टाकतो, आणि त्याचा परिणाम विद्यार्थ्याला तीन वर्षांनी जाणवतो.

वर्गात नाव लागले म्हणजे परीक्षेला नाव लागले, असेही नाही. प्रत्येक सत्राचा परीक्षा अर्ज स्वतंत्र असतो आणि पुरेशी उपस्थिती, बहुतेक ठिकाणी 75 टक्के, असल्याशिवाय सत्र मंजूर होत नाही. काही विषय राहिले असूनही पुढच्या वर्षात बसू देणारी सवलत ‘एटीकेटी’ या नावाने घरोघरी माहीत आहे. राहिलेल्या विषयांचा परीक्षा अर्जही दर वेळी वेगळा भरायचा असतो, हे मात्र विसरले जाते.

नव्या विद्यार्थ्याचे इथवर निभावते, कारण त्याच्या आसपासचे शंभर जण त्याच वाटेने चाललेले असतात. शिक्षण मध्येच सोडून काही वर्षांनी परतणाऱ्या व्यक्तीला तशी सोबत नसते. घरची शेती, वडिलांचे आजारपण, लग्न, बाळंतपण, लवकर मिळालेली नोकरी अशा कारणांनी सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्यांसाठी नव्या धोरणाने प्रथमच नियमात वाट ठेवली आहे. पहिले वर्ष 40 ते 44 श्रेयांकांसह पूर्ण करून थांबणाऱ्याला, चार श्रेयांकांचे जादा व्यावसायिक शिक्षण किंवा कार्यानुभव पुरा केल्यास, प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या वर्षानंतर तशाच अटीवर पदविका आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी मिळते. थांबलेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परतून एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, अशी मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात घातलेली आहे.

या वाटेचा हिशेब ‘शैक्षणिक क्रेडिट बँक’ ठेवते. आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी सुरू झालेल्या या व्यवस्थेत विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरच्या मार्फत उघडते, त्याला ‘अपार’ नावाचा बारा अंकी क्रमांक मिळतो आणि मिळवलेले श्रेयांक कमाल सात वर्षे वापरता येतात. खाते विद्यार्थ्याचे असले तरी त्यात श्रेयांक जमा करण्याचा अधिकार केवळ संस्थेला आहे. म्हणून शिक्षण थांबवताना आपले श्रेयांक खात्यावर चढले आहेत की नाहीत, हे पाहूनच महाविद्यालयाचा निरोप घ्यावा. काही वर्षांनी परतल्यावर ही चूक निस्तरणे कठीण जाते.

या व्यवस्थेची एक मर्यादा फारशी बोलली जात नाही. शैक्षणिक वर्ष 2021-22 पासून पुढे मिळवलेले श्रेयांकच तिच्यात धरले जातात. ज्या स्त्रीचे दुसऱ्या वर्षाचे शिक्षण 2009 मध्ये सुटले आणि आता मुले मोठी झाल्यावर जिला ते पुरे करायचे आहे, तिच्या नावावर या बँकेत काहीही जमा नसते. तिच्यासाठी जुनाच मार्ग उरतो: विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून जुन्या गुणपत्रिकांच्या प्रती काढायच्या, आधीच्या अभ्यासक्रमातील कोणता विषय नव्या रचनेतील कोणत्या विषयाशी समकक्ष मानला जातो हे विचारायचे आणि जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा देण्याची मुदत संपली असेल तर कोणत्या वर्षात बसता येईल याचा लेखी निर्णय मिळवायचा. तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नये. परतण्याची सर्वाधिक गरज असलेली पिढीच नव्या सोयीच्या बाहेर राहावी, हे या सुधारणेतले मोठे उणेपण आहे, आणि समकक्षतेचे तक्ते प्रत्येक विद्यापीठाने सहज सापडतील असे प्रसिद्ध केले तर त्यातला बराच भाग भरून निघेल.

परतणाऱ्या स्त्रियांपुढे नावाचाही प्रश्न असतो. गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, आधारपत्रावर लग्नानंतरचे नाव पतीच्या नावासह असते, आणि ‘अपार’ क्रमांक आधारशी जोडलेला असल्याने दोन नावे जुळली नाहीत की अर्ज पुढे सरकत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावातील बदलाचे राजपत्र हाताशी ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. याखेरीज बहुतेक महाविद्यालये ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात, म्हणजे मधल्या काळात अन्य कोठेही प्रवेश घेतला नव्हता असे प्रतिज्ञापत्र. दुहेरी प्रवेश टाळण्यासाठी निघालेली ही प्रथा आता कालबाह्य झाली आहे. आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम शिकण्यास परवानगी दिली असून नोंदणीच्या नोंदीही संगणकावर आहेत. तरीही बाळंतपणासाठी किंवा रोजगारासाठी शिक्षण थांबवणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्यातील वर्षांचा खुलासा शपथेवर करावा लागतो, हे अन्यायाचे आहे.

ज्यांना रोज वर्गात येणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून काम करत आहे. त्याची अभ्यासकेंद्रे बहुधा स्थानिक महाविद्यालयांतच असतात. विद्यार्थ्याला स्वयंअध्ययनाची पुस्तके मिळतात, ठरावीक दिवशी संपर्कसत्रे होतात आणि त्यांची वेळ नोकरदारांना जमेल अशी सुटीच्या दिवशीही ठेवलेली असते. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी 2024 पासून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र ओळख क्रमांक काढावा लागतो. त्याच ठिकाणी मान्यताप्राप्त विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी असल्याने, घरबसल्या पदवीच्या जाहिराती देणाऱ्या एखाद्या संस्थेला मान्यता आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी ताडून पाहता येते. नियमित महाविद्यालयांनाही वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देण्याची मुभा आयोगाने 2024 मध्ये दिली आहे. ती ऐच्छिक असल्यामुळे आपल्या विद्यापीठाने स्वीकारली आहे का, हे विचारावे लागते. पण जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत असलेल्या किंवा मुलांच्या शाळेचे शुल्क आधी भरावे लागणाऱ्या घरांना जानेवारीचा प्रवेश अधिक सोयीचा ठरेल, आणि तो तालुक्याच्या महाविद्यालयांत सर्वांत आधी सुरू व्हायला हवा.