कॅशबॅकचा पैसा येतो कुठून?

गंधवानीत 'क्रेडिट कार्ड' म्हटले की पहिल्यांदा आठवते ते किसान क्रेडिट कार्ड. धार जिल्ह्याच्या या आदिवासी तालुक्यात कापूस, सोयाबीन, मका घेणाऱ्या घरांना बँकेचे कार्ड म्हणजे खत-बियाण्याची सोय, एवढेच ठाऊक होते. आता त्याच घरातला मुलगा पिथमपूरच्या कारखान्यात नाहीतर इंदूरच्या एखाद्या ऑफिसात कामाला लागला की महिन्या-दोन महिन्यांत त्याला फोन येतो: सर, आपल्याला कॅशबॅकचे कार्ड मंजूर झाले आहे, लाइफटाइम फ्री. धार-देवासच्या मराठी नोकरदार घरांत ही कार्डे बरीच वर्षे आहेत, गंधवानीसारख्या गावांत ती आत्ता पोचत आहेत. गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि ते महाग पडणारे आहेत.

'हेही किसान कार्डासारखेच असणार'

सगळ्यांत घातक समज हाच, म्हणून तो आधी घेतो.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ ची. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के वार्षिक व्याज, आणि वेळेत फेडले तर केंद्राच्या सवलतीमुळे ते ४ टक्क्यांवर येते. मध्य प्रदेशात सहकारी सोसायटीमार्फत घेतलेले पीककर्ज मुदतीत फेडले, तर राज्य सरकारच्या योजनेत व्याज शून्य. मुख्य म्हणजे, फेडीची मुदत पिकाला धरून ठरते. सोयाबीन मंडीत गेले, कापूस विकला, की पैसे भरायचे.

कॅशबॅकच्या कार्डाला पीक माहीत नाही. त्याचे बिल दर महिन्याला निघते आणि बिलानंतर साधारण अठरा-वीस दिवसांत भरावे लागते. चुकले तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. सावकाराचा शेकडा तीन रुपये दर गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हा त्याहून चढा आहे, फक्त तो चकचकीत प्लॅस्टिकवर येतो. पगार महिन्याला येणाऱ्या माणसाला हे कार्ड सांभाळता येते. ज्याच्या हातात पैसा वर्षातून दोनदाच येतो, त्याचे वेळापत्रक आणि या बिलाचे वेळापत्रक जुळणे कठीण. मला कॅशबॅकच्या सगळ्या हिशेबात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कार्ड कंपनीचा मोठा नफा नेमका या न जुळण्यातून येतो.

'कॅशबॅक बँक आपल्या खिशातून देते'

समजा, धारच्या दुकानात तुम्ही १०,००० रुपयांचा मोबाइल कार्डाने घेतला. तुमच्या बिलावर १०,००० लागतात, पण दुकानदाराच्या खात्यात तेवढे येत नाहीत. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर त्याच्याकडून सर्वसाधारणपणे दीड ते अडीच टक्के कापले जातात. याला एमडीआर म्हणतात. दोन टक्के धरले तर २०० रुपये गेले, शिवाय त्या शुल्कावर जीएसटी. या २०० मधला सर्वांत मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. उरलेले मशीन देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यात वाटले जाते. एक टक्क्याने तुम्हाला मिळालेले शंभर रुपये कॅशबॅक बहुतेक या इंटरचेंजमधूनच आले. दुकानदाराने दिले, बँकेने त्यातले काही ठेवून काही तुम्हाला परत केले.

डेबिट कार्डावर असा भरघोस कॅशबॅक का नसतो, याचे उत्तरही इथेच आहे. डेबिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला ०.४० टक्के, त्याहून मोठ्याला ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काहीच द्यावे लागत नाही. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा आपल्याकडे नाही. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डाचे इंटरचेंज ०.३ टक्क्यावर आणले. त्यामुळे तिथे आपल्यासारखी उदार बक्षिसे देणे बँकांना परवडत नाही.

'मी बिल वेळेवर भरतो, म्हणजे बँक माझ्यावर तोट्यात'

तोट्यात असतेच असे नाही. वेळेवर भरणाऱ्याकडूनही इंटरचेंज मिळते, वार्षिक फी मिळते, त्याच्या खर्चाची सगळी माहिती मिळते. शिवाय अटींचे कुंपण असते. कॅशबॅक एसबीआय कार्ड सप्टेंबर २०२२ मध्ये आले ते ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के देत. महिन्याची कमाल मर्यादा तेव्हा १०,००० रुपये होती. मे २०२३ पासून ती ५,००० झाली, आणि दागिने, शाळेची फी, विमा, वीजबिल असे खर्च कॅशबॅकमधून वगळले गेले. हे नियमात बसते, कंपनीला अटी बदलता येतात. पण 'पाच टक्के' हा आकडा तुमच्या सगळ्या खर्चाला लागू नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ९९९ रुपये वार्षिक फी जीएसटीसकट जवळपास १,१७९ होते. एक टक्क्याने मिळणाऱ्या कॅशबॅकमधून ती भरून काढायला वर्षाला सुमारे १ लाख १८ हजारांचा खर्च करावा लागतो. तोवर तुमच्या हाती निव्वळ काहीच आलेले नसते.

तरीही शिस्तीने वापरणाऱ्याला थोडाफार फायदा होतो, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या जिवावर होतो.

'किमान रक्कम भरली की झाले'

इथे थांबून हिशेब पाहू. तुम्ही ५ जूनला २०,००० रुपयांची वस्तू घेतली. एक टक्का कॅशबॅक, २०० रुपये. बिल १५ जूनला निघाले, भरायची शेवटची तारीख ५ जुलै. बिलावर दोन आकडे असतात: एकूण देणे २०,००० आणि किमान देणे पाच टक्क्यांनी १,०००. हात जरा आखडलेला होता, तुम्ही हजार भरले. दंड लागला नाही, फोनही आला नाही.

१५ जुलैच्या बिलात व्याज दिसते. ते उरलेल्या १९,००० वर ५ जुलैपासून लागले असेल असे वाटते, पण तसे नसते. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. ५ जून ते ५ जुलै पूर्ण २०,००० वर सुमारे ६९० रुपये. त्यानंतरच्या दहा दिवसांचे १९,००० वर सुमारे २१९. मिळून ९०९, त्यावर जीएसटी १६४ धरून साधारण १,०७३ रुपये. म्हणजे हजार भरूनही देणे २०,०७३ झाले. २०० रुपयांच्या कॅशबॅकच्या पाचपटीहून जास्त पैसे गेले, तेही पहिल्याच महिन्यात. आणि बाकी राहिली आहे तोवर त्या कार्डावर घेतलेला चहा-बिस्किटाचा पुडाही पहिल्या दिवसापासून व्याजाचा.

देणे असे फुगतच जाऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत किमान रकमेवर बंधन घातले. त्यामुळे हे व्याज पुढच्या किमान रकमेत धरले जाते. मुद्दल मात्र मुंगीच्या पावलांनी कमी होते.

कंपनीचे ताळेबंद हेच सांगतात. एसबीआय कार्ड ही मार्च २०२० पासून शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, तिचे आकडे सर्वांना पाहता येतात. २०२३-२४ मध्ये तिचे एकूण उत्पन्न १७ हजार कोटींच्या वर होते आणि त्यात व्याजाचा वाटा निम्म्याच्या जवळपास. तिच्या येणे असलेल्या रकमांपैकी साधारण चौथा हिस्सा बाकी पुढे ढकलणाऱ्यांचा, आणखी मोठा हिस्सा ईएमआयवाल्यांचा. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाने अंदाज काढला की बक्षिसांच्या कार्डांमुळे दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर हिशेबात कच्च्या ग्राहकांकडून पक्क्या ग्राहकांकडे जातात.

बँकेलाही जोखीम असते, तारण काही नसते, पैसे बुडतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्डकर्जाचा जोखीमभार, म्हणजे त्या कर्जामागे किती भांडवल राखायचे त्याचे माप, १२५ वरून १५० टक्के केला तो याच चिंतेपोटी. पण बुडीत धरूनही धंदा फायद्यात राहतो, कारण दर ४२ टक्के आहे.

'नो-कॉस्ट ईएमआयला व्याज नाही'

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते दुसऱ्या नावाने वसूल होते. आज बहुतेकदा व्याजाएवढी सवलत आधी देऊन ते नंतर हप्त्यात घेतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ग्राहकच भरतो.

'आमच्या गावात मशीनच नाही, मग आमचा काय संबंध?'

गंधवानीच्या बाजारात कार्ड घासायची मशीन शोधावी लागेल, पण यूपीआयचा क्यूआर बहुतेक पक्क्या दुकानांत दिसेल. रुपे क्रेडिट कार्ड सप्टेंबर २०२२ पासून यूपीआयला जोडता येते. म्हणजे किराणावाल्याच्या त्याच कोडवर आता उधारीचाही पैसा वळतो. मशीन न येताच क्रेडिट कार्ड बाजारात पोचले.

यात एक गोम आहे. छोट्या दुकानदाराला अशा २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क द्यावे लागत नाही, आणि ते योग्यच आहे. पण शुल्क नाही म्हणजे इंटरचेंज नाही, आणि इंटरचेंज नाही तर कॅशबॅक कशातून द्यायचा? अनेक कार्डांवर यूपीआयच्या खर्चाला कॅशबॅक कमी किंवा मर्यादित असतो, तो यामुळे. मग लहान गावात, लहान खरेदीत बँकेची कमाई कुठून व्हायची? माझ्या मते व्याजातून आणि दंडातून. शहरी नोकरदाराकडून बँकेला दुकानदारामार्फत मिळते. इथल्या ग्राहकाकडून ते थेट त्याच्याच बाकीवर मिळेल, आणि सोयाबीन विकायला अजून तीन महिने असतील तर बाकी राहणारच.

रोखीने घेणाऱ्यालाही यातले काही भरावे लागते का? जिथे कार्डाचे शुल्क किमतीत मिसळले आहे तिथे, हो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हिशेब मांडला होता की अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब कार्डवाल्यांसाठी वर्षाला १४९ डॉलर जास्त मोजते, आणि कार्डवाल्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. गंधवानीच्या दुकानात कार्ड चालतच नसेल, तर तिथे हा भार नाही. पण इंदूरच्या मॉलमध्ये नोटा मोजून शर्ट घेणाऱ्यावर तो आहे.

कार्ड घेतलेच असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिट 'टोटल अमाउंट ड्यू' वर लावा. अनेकांचे ते 'मिनिमम' वर राहून गेलेले असते. एटीएममधून कार्डाने रोख काढू नका, तिथे फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. कार्ड न मागता आले असेल तर ओटीपी देऊन चालू करू नका, ग्राहकाच्या संमतीशिवाय ते चालू करता येत नाही. बंद करायचे असेल तर सगळी बाकी भरून लेखी अर्ज द्या. सात कामाच्या दिवसांत बँकेला ते बंद करावेच लागते, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.