पोटरीतली झडप

संपादकांनी ‘घाटी’वर लिहायला सांगितलं होतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, स्थापना १९५६, मराठवाड्यातल्या गरिबांचा मोठा आधार. हा इतिहास छत्रपती संभाजीनगरात लहानथोरांना ठाऊक आहे. मला लिहावंसं वाटलं ते सर्जरीच्या ओपीडीत पायजमा वर सरकवून दाखवल्या जाणाऱ्या पायांबद्दल. पोटरीवर वळवळत गेलेल्या निळ्या, फुगीर शिरा. डॉक्टर लिहितात, ‘व्हेरिकोज व्हेन्स’. काहींना हा आजार आईवडिलांकडून येतो, काही बायकांना बाळंतपणानंतर. पण मशीनपुढे पाळी काढणारे, वेटर, न्हावी, चौकातले पोलीस, साड्यांच्या दुकानातल्या मुली अशा उभ्यानं पोट भरणाऱ्यांना तो जास्त छळतो.

मला गुंतवून ठेवलं ते शिरेतल्या झडपेनं. मलिक अंबरानं या शहरात डोंगरातलं पाणी आणलं ते नहरींना उतार देऊन. पायातल्या रक्ताला मात्र चढच चढायचा असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, रक्त वर ढकललं जातं, आणि दोन पातळ पडद्यांची झडप मिटून ते खाली येऊ देत नाही. पादुआच्या फॅब्रिशियसनं १६०३ मध्ये या झडपांवर पुस्तक काढलं. पण त्याला वाटलं, त्या रक्ताचा वेग आवरतात. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे यानं १६२८ मध्ये त्यांचा आधार घेऊन रक्ताभिसरण सिद्ध केलं. एवढ्याशा पडद्यांवर केवढा मोठा शोध उभा राहिला!

नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. निरोगी पायात चालू लागताच तो तिसावर किंवा त्याखाली येतो. झडप गळकी झाली की तो पुरेसा उतरतच नाही. शिरेची भिंतही बदलते: लवचीक तंतू तुटतात, कोलॅजनचं प्रमाण बिघडतं, स्नायूंचा थर विस्कटतो. भिंत कुठे जाड, कुठे पातळ. शीर रुंदावते, पडदे एकमेकांपासून लांब जातात, गळती वाढते आणि दाब आणखी चढतो. आधी भिंत सैलावते की झडप हरते, यावर संशोधक अजून वाद घालतात.

बाहेरून हे टप्प्याटप्प्यानं दिसतं. संध्याकाळी पाय भरून येतात, सूज राहते. रक्तपेशी बाहेर झिरपून त्यांतल्या लोहानं घोट्याची कातडी तपकिरी होते, मग कडक. शेवटी आतल्या घोट्याच्या वर जखम होते, आणि ती महिनोन् महिने भरत नाही.

अशा जखमेवर खरं औषध म्हणजे दाबाची पट्टी. तिच्यात मोठं कसब आहे. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल, घडी कुठेही पडता कामा नये. शिवाय आधी धमनीचा पुरवठा तपासायचा, नाहीतर तीच पट्टी पाय धोक्यात आणते. चांगली पट्टी बांधणाऱ्या हातांना मी शल्यविशारदाइतकाच मान देईन.

पुढे अडचणी सुरू होतात. लेसरनं किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेनं शीर आतून बंद करता येते. इंग्लंडमधल्या २०१८ च्या एका चाचणीत ही प्रक्रिया लवकर केलेल्यांच्या जखमा निम्म्या रुग्णांत ५६ दिवसांत भरल्या. उशीर केलेल्यांना ८२ लागले. आपल्याकडे माणूस येतो तोच मुळी जखम चिघळल्यावर. आधी हळद, पाला, गावातलं मलम. खाडा झाला की रोज बुडतो. मेमध्ये पारा चाळिशीपार असताना दाबाचे मोजे दिवसभर घालायचे, तेही काही महिन्यांत सैल पडणारे. आणि जखम भरली की पुन्हा त्याच उभ्या कामावर.

मला या शेवटच्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४व्या कलमानं सांगितलं होतं. दुकानांसाठी केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये तशी तरतूद केली. घाटीच्या केसपेपरवर गोळ्यांच्या खाली एक ओळ मालकासाठीही लिहिली जावी, सहीशिक्क्यानिशी: या कामगाराला स्टूल द्यावं, आणि अधूनमधून चार पावलं चालू द्यावं.