विश्लेषण : घरच्या रेकॉर्डिंगसाठी कोणता माइक? आधी खोली मोजा!

हळदीच्या गाण्यांचे चॅनेल असो, पॉडकास्ट असो किंवा घरातल्या आजीने म्हटलेले धवले जपून ठेवायचे असोत, रेकॉर्डिंग करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणता माइक घेऊ?’ खरे तर तो दुसरा प्रश्न आहे. खोलीत आधीपासूनच किती आवाज आहे, हा पहिला. त्याचे उत्तर मोबाइलवर फुकट मिळते आणि त्यावरच माइकचे पैसे सार्थकी लागणार की वाया जाणार, हे ठरते.

नवी मुंबईतल्या करावेसारख्या गावठाणात हा प्रश्न जास्त टोकदार होतो. एका बाजूला पाम बीच रस्ता, थोड्या अंतरावर सीवूड्स स्थानक आणि मधे भिंतीला भिंत लागून उभी राहिलेली घरे. शेजारच्या कुकरची शिट्टी, गल्लीतली दुचाकी, वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप हे सगळे खोलीत येते. आगरी-कोळी लग्नांत धवले म्हणणाऱ्या धवलारिणी आता वयस्कर होत चालल्या आहेत. त्यांची गाणी मुखपाठाने पुढे आलेली. एकदा जुळवून आणलेली बैठक पंख्याच्या घरघरीत बुडाली, तर ती पुन्हा जमेलच याची खात्री नाही.

पंख्याचे गणित काय?

एक मीटरवरून ऐकले तर साध्या बोलण्याचा आवाज साधारण ६० डेसिबल भरतो. जोरात फिरणाऱ्या पंख्याचा माइकपाशी ५० डेसिबल धरू. फरक उरला १० डेसिबलचा, म्हणजे शब्द कळतात पण पंखाही तेवढाच कळतो. आता माइक जवळ आणा. अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. एक मीटरवरून ५० सेंटिमीटर, मग २५, मग साडेबारा : तीन वेळा निम्मे केले की १८ डेसिबल मिळाले. पंखा जिथे होता तिथेच आहे, फरक मात्र १० वरून २८ वर गेला. एक पैसाही खर्च झालेला नाही. पंखा बंद केला, तर आणखी फायदा.

‘कंडेन्सर माइक लांबचे सगळे पकडतो, डायनॅमिक पकडत नाही’ असे दुकानात हमखास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. माइकला जवळचे-लांबचे कळत नाही. सारख्याच दिशेचे दोन माइक सारख्याच अंतरावर ठेवले, तर आवाज आणि गोंगाट यांचे प्रमाण जवळपास तेच राहते. डायनॅमिक माइक शांत वाटतो, कारण तो ओठांजवळ धरून वापरला जातो.

मग घ्यायचे काय?

एकटा गायक किंवा निवेदक असेल आणि खोली गोंगाटाची असेल, तर डायनॅमिक माइक. श्युअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला माइक आजही याच कामाला येतो. बेरिंगरचा एक्सएम८५०० त्याच्यापेक्षा बराच स्वस्त आणि सुरुवातीला पुरेसा आहे. मात्र डायनॅमिक माइकचा सिग्नल अशक्त असतो. तो वाढवणारा ऑडिओ इंटरफेस हलका असला, तर ‘हिस्स’ असा आवाज येतो. म्हणून बजेट ठरवताना माइक आणि इंटरफेस मिळून हिशेब करावा. हे दोन्ही नको असतील, तर यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो.

धवलारिणींचे काम वेगळे आहे. त्या ओठांपुढे माइक धरून गाणार नाहीत आणि त्यांना तसे करायला लावूही नये. त्यांच्यासाठी पदराला लावायचा छोटा कॉलर माइक बरा. बोयाचा बीवाय-एम१ हा यूट्यूब करणाऱ्यांना चांगला माहीत आहे. त्याची वायर ६ मीटर लांब असते, म्हणजे मोबाइल बाजूला ठेवता येतो. मोबाइलवर वापरताना त्याचा स्विच ‘स्मार्टफोन’वर हवा. बांगड्या आणि पदराची सळसळ मात्र सांभाळावी लागते. तिघी-चौघी एकत्र गात असतील, तर रात्री पंखा बंद करून समोर एक कंडेन्सर ठेवणे हा उत्तम मार्ग. त्याला इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटण लागते.

कंडेन्सर निवडताना माहितीपत्रकातला ‘सेल्फ नॉइज’ हा आकडा अनेकांना भुरळ घालतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा तो २० डेसिबल आहे, रोडच्या एनटी१ चा ५ च्या आत. ऐकायला मोठा फरक. पण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादाच ४५ डेसिबल आहे. घरात बंद खिडकीमागे ३५-४० असतील, तर महागड्या माइकची ती शांतता ऐकूच येणार नाही.

मोजायचे कशाने?

आयफोनवर अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेचे मोफत साउंड लेव्हल मीटर अ‍ॅप आहे. अँड्रॉइडवर अशी अ‍ॅप पुष्कळ आहेत, पण प्रत्येक फोनचा माइक वेगळा असल्याने आकडा काही डेसिबलने चुकू शकतो. त्यामुळे तो पुरावा म्हणून वापरू नये. फरक पाहण्यासाठी मात्र तो चालतो : पंखा चालू आणि बंद, खिडकी उघडी आणि बंद, दुपारी आणि रात्री ११ ला. फोन एकाच जागी ठेवून प्रत्येक वेळी मिनिटभर मोजावे.

अँड्रॉइडवरचे ‘स्पेक्ट्रॉइड’ हे अ‍ॅप आवाज कोणत्या पट्टीत आहे ते दाखवते. खरा उपयोग आहे तो लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेल्या शांततेचा. ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचा आलेख काढावा. ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर टोके दिसली, तर ती विजेच्या प्रवाहाची गुणगुण. चार्जर काढून पाहावे, बहुतेकदा अर्थिंगचा दोष तिथेच सापडतो. यासाठी माइक बदलणारे कमी नाहीत!

मोजमापाचा खास माइक, म्हणजे बेरिंगरचा ईसीएम८००० किंवा मिनीडीएसपीचा यूमिक-१, आणि सोबत ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर, स्पीकरवर मिक्सिंग करणाऱ्यांनी घ्यावे. फक्त आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला त्याची गरज नाही.

दहा बाय दहाची खोली

समोरासमोरच्या भिंतींत साधारण तीन मीटर अंतर असले, की ५७ आणि ११४ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. ११४ हा पुरुषी आवाजाच्या पट्टीतला आकडा. छतही दहा फुटांवर असेल, तर तिन्ही बाजूंची घुमणी एकाच जागी जमते. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून यावर काही होत नाही. कापसाची गादी, गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट यांनी वरच्या पट्टीची खणखण कमी होते. खालची घुमणी टाळायला माइक खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात ठेवू नये.

एका दिशेने ऐकणाऱ्या माइकची पाठ गोंगाटाकडे करावी, म्हणजे गाणाऱ्याचे तोंड खिडकीकडे येते. हे उलटे वाटते, पण बरोबर आहे. गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर मात्र गोधडी टांगावी, नाहीतर खिडकीतला आवाज तिथून उलटून थेट माइकमध्ये शिरतो.

खाडीकाठच्या दमट हवेत कंडेन्सर उघडा ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

रेकॉर्डिंग करताना आवाजाचे टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. गाणे सुरू होण्याआधी अर्धा मिनिट खोलीतली निव्वळ शांतता रेकॉर्ड करून ठेवावी. ऑडॅसिटीतला गोंगाट कमी करण्याचा पर्याय तिच्याच आधारे चालतो. फाइल ‘वेव्ह’ प्रकारात, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.