फुटपाथवरचं बोचकं कुणाचं?

घर नसलेल्या माणसालाही सामान असतं. एक वळकटी, दोन कपडे, औषधाच्या गोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली कागदपत्रं. आपण दाराला कुलूप लावून निर्धास्त बाहेर पडतो. त्याला मात्र अंघोळीला जायचं झालं तरी प्रश्न पडतो, हे ठेवायचं कुठं?

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी स्किड रो नावाची वस्ती आहे. तिथल्या फुटपाथवर हजारो माणसं राहत आली आहेत. २०११ साली यांपैकी काही जण अंघोळीला, पाणी आणायला, कुणी तर कोर्टाच्या तारखेला गेलेले असताना पालिकेच्या माणसांनी त्यांचं सामान उचललं आणि नष्ट केलं. ‘हे टाकलेलं नाही, मालक येतोय,’ असं शेजारचे सांगत होते. ओळखपत्रं, जन्मदाखले, औषधं, घरच्यांच्या आठवणीच्या वस्तू, सगळं गेलं. आता ओळखपत्रच गेल्यावर निवाऱ्याचा किंवा नोकरीचा अर्ज कसा करायचा?

ही माणसं कोर्टात गेली. लावान विरुद्ध लॉस एंजेलिस या नावानं तो खटला ओळखला जातो. पालिकेचं म्हणणं, फुटपाथवर सामान ठेवणं हाच नियमभंग, मग संरक्षण कसलं? २०१२ साली अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं ते फेटाळलं. टाकलेली वस्तू वेगळी आणि मालक घटकाभर दूर गेलेली वस्तू वेगळी. नियम मोडला म्हणून वस्तूवरची मालकी संपत नाही. नोटीस न देता ती नष्ट करता येणार नाही.

पुढे २०१६ साली शहरानं नवा नियम केला. झाकणाच्या साठ गॅलनच्या डब्यात मावेल एवढंच सामान जवळ ठेवायचं. साठ गॅलन म्हणजे सुमारे २२७ लिटर, आपल्याकडच्या मोठ्या पिंपाहून थोडं जास्त. अख्खा संसार एका पिंपात! सामान उचलण्याआधी साधारणपणे चोवीस तासांची नोटीस, आणि उचललेलं नव्वद दिवस सांभाळायचं. पण गादी, खुर्ची अशा मोठ्या वस्तू विनानोटीस नष्ट करण्याची मुभा होती. २०२१ साली कोर्टानं त्यावरही बोट ठेवलं.

पालिकेची अडचण खोटी नाही. फुटपाथ चालायला मोकळा हवा, उंदीर-घुशी आणि रोगराई आवरायला हवी. म्हणून मला त्याच वस्तीतली सामानघराची सोय अधिक शहाणपणाची वाटते. तिथं झाकणाचे मोठे डबे फुकट मिळतात. सामान ठेवून माणूस कामाला जाऊ शकतो.

आपल्याकडे मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरी फुटपाथवर राहण्याचा हक्क काही दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत हटवू नका, असं सांगितलं. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात जप्त मालाची यादी करून द्यायची तरतूद आहे. मालकानं मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा. मात्र हा कायदा विक्रीच्या मालासाठी आहे. त्याच फुटपाथवर झोपणाऱ्याची वळकटी त्यात बसत नाही.