वेतन आणि इमान

शाळेचा उंबरठा ओलांडल्यावर आमच्या विद्यार्थिवर्गापैकीं पुष्कळांस कोणत्या ना कोणत्या मोठ्या कंपनींत चाकरी करावयाची आहे. जेथें धनी कधीं दृष्टीसही पडत नाहीं, तेथें चाकराच्या मनांत कामाचा हुरूप व धन्याविषयीं इमान कशानें उत्पन्न व्हावें? ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण अशा ठिकाणीं कितपत लागू पडते, तें अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या कारखान्यावरून पाहूं.

इ. स. १९१३ सालीं डेट्रॉइट शहरानजीक हायलंड पार्क येथील या कारखान्यांत नवी पद्धत सुरू झाली. मोटारीचा सांगाडा यंत्रानें ओढला जाऊन पुढें सरके, आणि प्रत्येक कामकऱ्यानें जागच्या जागीं उभें राहून एकच लहानसें काम करावें. एकानें बोल्ट घालावा, दुसऱ्यानें नट चढवावा, तिसऱ्यानें तो आवळावा. ज्या जुळणीस साडेबारा तास लागत, ती पुढील वर्षीं सुमारें दीड तासांत होऊं लागली. परंतु माणूस कंटाळला. सुमारें १४ हजार जागा भरलेल्या राहाव्यात म्हणून त्या एका वर्षांत ५२ हजारांवर माणसें नेमावीं लागलीं!

५ जानेवारी १९१४ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, कामाचे तास नवांवरून आठांवर आणून रोजची मिळकत दुपटीनें वाढवून ५ डॉलर करण्यांत येईल. कडाक्याच्या थंडींत हजारों लोक फाटकाशीं जमले. त्यांस पांगविण्याकरितां बंबाच्या पाण्याचा मारा करण्यांत आला. काम सोडून जाणाऱ्यांचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. मजुरांनींच मोटारी विकत घ्याव्या म्हणून ही वाढ दिली, असें आजही सांगण्यांत येतें. आम्हांस तें पटत नाहीं. वर्षाला दोन लाखांवर मोटारी काढणाऱ्यास १४ हजार गिऱ्हाइकांचें काय अप्रूप! माणसें टिकावीं, हाच खरा हेतु.

मात्र हे ५ डॉलर सरसकट नव्हते. त्यांतील निम्मा भाग नफ्याचा वांटा म्हणून, आणि तो लायक ठरेल त्यासच. लायकी ठरविण्यास कंपनीचे तपासनीस घरोघर जात. घर स्वच्छ आहे काय, शिल्लक किती, दारूचें व्यसन आहे काय, पोटभाडेकरी ठेवले आहेत काय, लग्न रीतसर झालें आहे काय! यानें कित्येक कुटुंबांचें भलें झालें असेल. परंतु धन्याच्या माणसानें आपल्या चुलीपर्यंत यावें, हें कोणास रुचेल?

त्याच जानेवारींत एका कामकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड यांस निनांवी पत्र धाडलें. नवरा घरीं येऊन अंग टाकून देतो, जेवतसुद्धां नाहीं. ५ डॉलर हें मोठेंच वरदान खरें, पण त्याची किंमत तो पुरेपूर मोजतो, असा त्याचा आशय. या प्रकरणाचें मर्म या गृहिणीस जितकें उमगलें, तितकें तपासनिसांस उमगलें नाहीं.

पुढें कामकरी संघटना करूं लागले, तेव्हां कंपनीनें कडवा विरोध केला. २६ मे १९३७ रोजीं रूज नदीकांठच्या कारखान्यापाशीं पत्रकें वांटावयास आलेल्या पुढाऱ्यांस कंपनीच्या माणसांनीं मारहाण केली. एप्रिल १९४१ मध्यें संपामुळें तो प्रचंड कारखाना बंद पडला, आणि मे महिन्यांत कामकऱ्यांचीं मतें घेण्यांत आलीं. दोन संघटनांपैकीं कोणती हवी, कीं एकही नको, असा प्रश्न होता. ‘एकही नको’ असें म्हणणारे शेंकडा तीनसुद्धां भरले नाहींत.