मांजर वाघाची मावशी कशी?

'मांजर ही वाघाची मावशी' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गंमत म्हणजे जीवशास्त्रज्ञांनाही हे नाते मान्य आहे. फक्त ते किती जवळचे, हे ते पायरीपायरीने ठरवतात.

या पायऱ्या सात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. वाघ आणि मांजर दोघेही प्राणिसृष्टीतले, सस्तन वर्गातले, मांसाहारी गणातले आणि मार्जार कुलातले. येथपर्यंत दोघांची वाट एकच. पुढे मात्र ती फुटते. मांजराची प्रजाती 'फेलिस', तर वाघाची 'पँथेरा'. सिंह आणि बिबट्याही याच 'पँथेरा'तले. म्हणजे ते वाघाचे सख्खे भाऊबंद, आणि मांजर जरा लांबच्या नात्यातली मावशी!

नावांची ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियस याने रूढ केली. 1753 मध्ये वनस्पतींना आणि 1758 मध्ये प्राण्यांना त्याने सरसकट दोन शब्दांची नावे दिली. शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव आणि मग नाव असते, तसेच हे: आधी प्रजाती, मग जाती. वाघ म्हणजे 'पँथेरा टायग्रिस'.

अशा नावांची गरज काय? आपल्याकडे कोहळा म्हणजे पांढरट सालीचा, पेठ्याचा. पण बडोद्याच्या बाजारात 'कोळुं' मागितलेत, तर पिशवीत लाल भोपळा पडेल! 'बेनिनकासा हिस्पिडा' म्हटले, की जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञापुढे कोहळाच उभा राहतो.

रूप फसवते

वरवरच्या रूपावर विसंबले, की फसगत होते. देवमासा माशासारखा पोहतो, वटवाघूळ पक्ष्यासारखे उडते. पण दोघेही पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी. अळिंबी पूर्वी वनस्पतींत गणली जाई. 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि त्यांत बुरशी व अळिंबी यांना वेगळी सृष्टी दिली. पुढे रेणूंच्या अभ्यासातून दिसले, की अळिंबी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे! 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या आरएनएची तुलना करून दाखवले, की जिवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव मुळात निराळ्याच घराण्यातले आहेत. आज डीएनए तपासून अशी नाती पडताळली जातात.

डासांचे कोडे

या खटाटोपाचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, असे वाटेल. त्यासाठी युरोपातले एक कोडे पाहू. अॅनोफिलिस डास मलेरिया पसरवतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी ठाऊक झाले होते. तरीही युरोपात काही गावांत 'अॅनोफिलिस मॅक्युलिपेनिस' या डासांचे थवे असून मलेरिया नव्हता, तर काही गावे तापाने फणफणत होती. डास तर दोन्हीकडे सारखेच दिसत!

1926 च्या सुमारास इटलीतले आरोग्य निरीक्षक डोमेनिको फालेरोनी यांचे लक्ष डासांच्या अंड्यांकडे गेले. अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी होती. पुढच्या संशोधनातून उलगडा झाला. ज्याला एक डास समजत होते, त्या अनेक जाती होत्या. काही माणसांना चावून मलेरिया पसरवत, तर काही मुख्यतः गुराढोरांवर भागवत. गावात डास किती, यापेक्षा ते कोणत्या जातीचे, हे महत्त्वाचे ठरले.

भारतातही हेच घडले. ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा प्रमुख डास 'अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस'. तो एक नसून हुबेहूब दिसणाऱ्या पाच जातींचा गट आहे, हे गुणसूत्रांच्या अभ्यासातून पुढे आले. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. पैकी 'बी' जाती मलेरिया पसरवण्यात बहुतेक ठिकाणी कमकुवत असते. ही ओळख नसेल, तर निरुपद्रवी डासांवर औषध आणि पैसा खर्ची पडेल आणि खरा शत्रू मोकळा राहील.

कोण कोणाची मावशी, हे नीट ठरवण्यावर कधीकधी अख्ख्या गावाचे आरोग्य अवलंबून असते, ते असे.