लंबकापाशी एक तास

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे विधान शाळेतील कोणताही विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवील. परंतु हे तुला कशावरून कळले, असा प्रश्न त्यास कोणी केला, तर बहुधा तो पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवील. सूर्य उगवतो आणि मावळतो, हा पुरावा येथे अपुरा पडतो. कारण पृथ्वी स्थिर राहून आकाशच तिच्याभोवती फिरत असते, तरीही आपणास हेच दृश्य दिसले असते. ज्या भूमीवर मनुष्य जन्मभर उभा असतो, तिच्या गतीविषयीचे त्याचे ज्ञान असे ऐकीव असते. ते स्वतःच्या डोळ्यांनी पारखून घेण्याची सोय ज्या थोड्या ठिकाणी आहे, त्यांपैकी एक म्हणजे विज्ञान-संग्रहालयातील फुकोचा लंबक होय.

प्रथमदर्शनी या वस्तूत आकर्षक असे काहीच नाही. उंच छतापासून एक तार लोंबते, तिच्या टोकास जड गोळा असतो आणि तो संथपणे हेलकावे घेतो. शेजारच्या दालनात विजेच्या ठिणग्या उडत असताना येथे कोण थांबणार? प्रेक्षक दोन-चार हेलकावे पाहतो, गोळा हलतो आहे अशी खात्री करून घेतो आणि पुढे जातो. मात्र पाहण्यासारखे जे आहे, ते त्याच्या पाठीमागे अगदी सावकाश घडत राहते.

लेआँ फुको याने हा प्रयोग प्रथम पॅरिसमधील आपल्या घराच्या तळघरात केला. वैद्यकाचे शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडले होते. रक्त पाहणे त्यास सहन होत नसे. १८५१ च्या जानेवारीत त्याने सुमारे दोन मीटर लांबीच्या तारेस पाच किलोग्रॅमचा गोळा बांधला. पहिल्या खेपेस तारच तुटली. ८ जानेवारीस रात्री दोन वाजता मात्र हेलकाव्याची दिशा हळूहळू बदलत असल्याचे त्यास दिसले. पुढच्याच महिन्यात त्याने पॅरिसच्या वेधशाळेत शास्त्रज्ञांस पाचारण केले आणि निमंत्रण धाडले ते पृथ्वी फिरताना पाहण्यास येण्याचे! मार्चमध्ये पँथिऑन या भव्य वास्तूच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीची तार व २८ किलोग्रॅमचा गोळा टांगण्यात आला. गोळ्याखालचे टोक कडेने रचलेल्या वाळूत रेघ ओढीत जाई, आणि प्रत्येक नवी रेघ आधीच्या रेघेपासून किंचित सरकलेली असे. ती पाहण्यास सामान्य नागरिकांची रीघ लागली.

या प्रयोगातील युक्ति साधी आहे. गोळा बाजूस ओढून दोऱ्याने बांधतात आणि तो पूर्ण निश्चल झाल्यावर दोरा ज्योतीने जाळतात. हाताने सोडल्यास लागणारा आडवा धक्का त्यामुळे टळतो. एकदा सुटलेल्या लंबकाला कडेकडे वळविणारे कोणतेही बल नसते. असा लंबक उत्तर ध्रुवावर टांगला आहे अशी कल्पना करावी. तेथे त्याची झोक्याची पातळी ताऱ्यांच्या संदर्भात कायम राहील आणि त्याखालची भूमी कुंभाराच्या चाकाप्रमाणे एका दिवसात एक फेरा पूर्ण करील. भूमीवर उभ्या असलेल्या मनुष्यास मात्र लंबकच वळतो आहे, असे वाटेल. विषुववृत्तावर भूमी अशी चाकासारखी गरगरत नाही, ती केवळ पूर्वेकडे नेली जाते; म्हणून तेथे झोक्याची दिशा मुळीच बदलत नाही. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात परिणामही मधलाच. पॅरिसमध्ये पूर्ण फेऱ्यास सुमारे ३२ तास लागतात, दिल्लीत सुमारे ५०, पुण्यात सुमारे ७५. आणि तिरुवनंतपुरम येथे लंबक टांगल्यास जवळजवळ पावणेसात दिवस लागतील. ज्यास त्रिकोणमिती अवगत आहे, त्याने १५ अंशांस आपल्या गावच्या अक्षांशाच्या साइनने गुणावे, म्हणजे दर तासाचे वळण मिळेल. एकाच पृथ्वीचे फिरणे निरनिराळ्या गावी असे निरनिराळ्या वेगाने दिसते, ही गोष्ट वाचून चमत्कारिक वाटते; उत्तर आधी मांडून मग ते लंबकाशी ताडून पाहिले, तर ती अंगवळणी पडते.

घरी सुतळीला दगड बांधून हे साधत नाही. सुतळीस पीळ असतो, हेलकावा लवकरच लंबगोल होतो आणि हवेच्या विरोधाने थोड्याच वेळात थांबतोही. उंच छत, जड गोळा आणि निर्दोष टांगणी या संग्रहालयालाच परवडणाऱ्या गोष्टी आहेत. पुण्यातील आयुका या संस्थेच्या वास्तूत असा लंबक आहे. दिल्लीत २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनातही एक आहे. तो राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने घडविला.

पुष्कळ ठिकाणी लंबक थांबू नये म्हणून विद्युच्चुंबकाची योजना केलेली असते, आणि चिकित्सक प्रेक्षकास येथे शंका येणे रास्तच आहे. हा चुंबकच तर गोळ्यास वळवीत नसेल? अशी शंका घेणारा विद्यार्थी हा त्या दिवसाचा सर्वोत्तम प्रेक्षक समजावा. त्याला सांगावयाचे ते इतकेच, की ही योजना सर्व बाजूंनी सारखी केलेली असते. हवेमुळे गेलेली गति ती भरून काढते, दिशा ठरवीत नाही. न पटल्यास त्याने वळण मोजावे आणि अक्षांशाच्या हिशेबाशी ताडून पाहावे.

प्रेक्षकाने प्रयोगास हात घालावा, हा विचार संग्रहालयांच्या जगात तसा अलीकडचाच. म्युनिकमध्ये ओस्कार फोन मिलर याने १९०३ साली स्थापिलेल्या जर्मन संग्रहालयात मुठी फिरविण्याची व कळा दाबण्याची मुभा मिळाली. भारतात १९५९ साली कलकत्त्यास बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय उघडले आणि १९६५ पासून तेथील फिरते प्रदर्शन मोटारीतून खेडोपाडी जाऊ लागले. तथापि कळ दाबून धावत सुटणे म्हणजे प्रयोग नव्हे. लंबकास तर कळही नाही. पॅरिसच्या संग्रहालयात जपलेला फुकोच्या काळातील एक गोळा २०१० साली तार तुटून पडला व कायमचा विद्रूप झाला. ऐतिहासिक वस्तूची ती हानी भरून येणारी नाही. प्रयोग मात्र दुसरा गोळा टांगून कोठेही जसाच्या तसा करता येतो.

शाळांच्या सहली दोन तासांत दहा दालने उरकतात, ही तक्रार जुनीच आहे. त्याऐवजी विद्यार्थ्याने आल्याबरोबर लंबकाची दिशा वहीत रेघेने टिपावी, वेळ लिहावी, तासाभराने ती रेघ कोठे असेल याचा स्वतःचा अंदाज मांडावा, आणि मग एखादे दालन पाहून परत यावे. पुण्याच्या अक्षांशावर तासाभरात पावणेपाच अंशांहून थोडे अधिक वळण होते. झोका मध्यापासून एक मीटर जात असेल, तर त्याचे टोक सुमारे आठ सेंटिमीटर सरकलेले दिसते. काही ठिकाणी गोळ्याभोवती लहान खुंट्यांचे कडे मांडतात. खुंट्या दोन-दोन अंशांवर असल्यास येथे एक पडल्यानंतर दुसरी पडण्यास सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. शेवटच्या मिनिटांत गोळा खुंटीस जेमतेम चुकवून जातो, पुन्हा जातो, आणखी एकदा जातो. कडेला उभी असलेली मुले तेव्हा आपोआप गप्प होतात. मग एका हेलकाव्यास खुंटी आडवी होते. ती पाडणारा गोळा नव्हे, तिला गोळ्यापर्यंत घेऊन आली ती पायांखालची फरशी, हे ज्याच्या प्रथम ध्यानात येते तो मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहतो.